शिवणीतली माया

मागच्या महिन्यात आत्याचं वर्षश्राद्ध झालं. मिरजेच्या घरी जेवणं उरकली, मंडळी सुपारी कातरत ओसरीवर टेकली, आणि दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, आत्याच्या आठवणींची एक पुस्तिका सगळ्यांच्या हातात ठेवली. चोवीस पानं, मधोमध दोन पिना, मुखपृष्ठावर आत्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला फोटो. पहिला लेख माझा. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, १९६१ साली, आत्या सासरहून कायमची परत आली, त्या संध्याकाळपासून मी सुरुवात केली होती. आजोबा ओसरीवर बसलेले. त्यांनी विचारलं, "किती दिवस आहेस?" आत्याने ट्रंक खाली ठेवली आणि म्हणाली, "मशीन कुठं ठेवू?" एवढंच. पुढे साठ वर्षं तिने त्या मशीनवर अख्ख्या गल्लीची पोलकी शिवली, असा तो परिच्छेद. वाचता वाचता दोघीतिघींनी पदराने डोळे टिपले. भाचीने ते वाक्य तिथल्या तिथे स्टेटसला टाकलं. दादा म्हणाला, "हे वाक्य क्लासच्या भिंतीवर रंगवून घेतो." आत्याचा शिवणक्लास आता त्याची सून चालवते.

शेजारच्या काकूंना दिसत कमी. त्यांच्या नातीने त्यांना लेख वाचून दाखवला. काकू आत्याहून दोनतीन वर्षांनी धाकट्या, त्या संध्याकाळी मधल्या भिंतीपलीकडेच होत्या. त्या ऐकत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "तवा कुठलं आलंय मशीन? मशीन तिनं मागनं घेतलं, हप्त्यानं. पासष्ट सालाला. माझ्या थोरल्याची झबली पयली शिवली तिनं त्याच्यावर." मग पदराने ओठ पुसून, "आन् बोलती कशाची ती. न्हाणीत गेली, पाय धुतलं, भाकरी थापाया बसली. म्हैनाभर तोंडातनं अक्षर न्हाई."

कुणी लक्ष दिलं नाही. सुपारीचा डबा पुढे सरकला.

ते वाक्य मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. ट्रंक खरी होती, ती अजून माळ्यावर आहे. आजोबांचा प्रश्न खरा असावा, वडील तो त्यांच्या आवाजात करून दाखवायचे. पण त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. वडील तिथेच थांबायचे आणि विषय बदलायचे. दादाने लेख मागितला त्या रात्री मी त्या रिकाम्या जागेशी येऊन अडले. अकरा वाजले होते, चहा गार झाला होता, आणि एकदम ते वाक्य आलं. खोटं लिहितेय असं तेव्हा वाटलंच नाही. उलट आत्या सापडल्यासारखं वाटलं. तिला बोलता आलं असतं तर ती हेच बोलली असती, अशी माझी खात्री होती. अजूनही थोडीशी आहे, आणि बोच तिचीच आहे.

परत निघताना दादाने आत्याची मापाची वही मला दिली. "तुला असल्या वस्तू लागतात." कोयना एक्सप्रेसमध्ये खिडकीशी बसून ती उघडली. लाल कापडी बांधणीची उभी वही, रोकडवहीसारखी, मशीनच्या तेलाचा वास मुरलेला. प्रत्येक पानावर एक बाई. वर नाव, कुणाची कोण, खाली उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही, दंड, पुढचा गळा, मागचा गळा. तेच नाव चार वर्षांनी पुन्हा येतं, कंबरेचा आकडा वाढलेला असतो. एका नावापुढे तिसऱ्या खेपेला छाती दोन इंचांनी कमी, आणि कोपऱ्यात बारीक पेन्सिलीने "आजारी". मोठ्या आजारातून उठलेल्या, बाळंत झालेल्या, वाळत गेलेल्या अशा सगळ्या बाया त्या आकड्यांत उभ्या होत्या, आणि आत्याने स्वतःचं एकही मत त्यात घातलेलं नव्हतं. पहिलं माप १९६३ सालचं. म्हणजे मशीन काकू म्हणतात त्याच्याही आधी आलं? की आत्या आधी दुसऱ्या कुणाच्या मशीनवर शिवत होती? मशीनबद्दल वहीत अक्षर नाही.

किर्लोस्करवाडी मागे पडली तेव्हा मला इरावतीबाई आठवल्या.

कारण मापाची टेप. इरावती कर्व्यांचं नाव काढलं की लोकांना महाभारतावरचं 'युगान्त' आठवतं, फार तर पुण्याच्या रस्त्यावरून स्कूटर चालवणारी बाई आठवते. पण त्यांच्या हातातलं पहिलं हत्यार मोजपट्टीचं. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या आणि तिथल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवट्या मोजायला बसल्या. एकशे एकोणपन्नास कवट्या. आफ्रिकेतल्या वसाहतींतून उचलून आणलेलीही माणसं त्यांत होती. फिशरसाहेबांचा होरा असा की कवटीची एक बाजू दुसरीहून मोठी असते, आणि गोऱ्या माणसाच्या कवटीत तो फरक अशा तऱ्हेने असतो की त्याची बुद्धी सरस ठरावी. विशीतली ही मराठी मुलगी, जर्मन नवीन शिकलेली, रोज लोखंडी चिमटा लावून आकडे मांडत राहिली, आणि शेवटी तिने लिहिलं की वंशाचा आणि या वाकडेपणाचा काही संबंध दिसत नाही. गुरूच्या घरात बसून गुरूच्या विरुद्ध. पुढे काही वर्षांतच त्या संस्थेची विद्या कुणाच्या कामी आली ते सगळ्यांना ठाऊक आहे.

ही गोष्ट मी पुष्कळदा अभिमानाने सांगितली आहे. अलीकडे सांगताना जरा अडखळते. माप खरं होतं, पण मोजायला सांगणाऱ्याचा प्रश्नच नासका होता, आणि तो चिमटा घेऊनच बाई परत आल्या. पुढची कित्येक वर्षं त्या डेक्कन कॉलेजातून निघून गावोगाव जातीजातींची डोकी, नाकं, उंच्या मोजत फिरल्या, रक्ताचे नमुने गोळा केले. त्यातून त्यांनी काढलेले निष्कर्ष उदार आहेत. एकाच नावाखालच्या पोटजाती एकमेकींच्या रक्ताच्या असतीलच असं नाही, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं. तरी पाटीवर उभं करून माणसाचं डोकं चिमट्यात धरणं मला आता बघवत नाही. बाईंनाही पुढे ते पुरेनासं झालं असणार. एरवी डोकी मोजणारी बाई दिंडीबरोबर पायी निघून पंढरपूरला कशाला जाईल? त्या वारीवरच्या लेखात एकच अभंग म्हणत चालणारे लोक जेवायला मात्र जातवार वेगळे बसतात हे त्यांना खुपत राहतं, आणि तरीही त्यांना महाराष्ट्राची व्याख्या तिथेच सापडते: ज्या भागातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र. नकाशा काढायची ही रीत कुठल्याच चिमट्यात बसत नाही.

त्यांची सगळी पुस्तकं एका फळीवर लावायला गेलं की पंचाईत होते. गुजरातेत लांघणजला पुरातत्त्वज्ञ सांकलियांबरोबर उकरून काढलेले हजारो वर्षांपूर्वीचे सांगाडे एकीकडे. कोयनेच्या धरणाने उठवलेल्या माणसांची दारोदार जाऊन केलेली पाहणी दुसरीकडे. भारतभरच्या आत्या, मामा, नणंदा, व्याही यांना कुठल्या भाषेत काय म्हणतात आणि कोणाची मुलगी कोणाला चालते, याचा १९५३ सालचा जाडजूड ग्रंथ. (मामाची मुलगी चालते, आत्याची बहुतेकांना चालत नाही, हे आमच्या घरी ग्रंथ न वाचताही माहीत होतं. तसली गोष्ट कुणी काढली असती तर आत्याने कातरीच फेकून मारली असती.) आणि मग 'परिपूर्ती', 'भोवरा', 'गंगाजल', घरगुती, खट्याळ, एकदम आतलं काही बोलून जाणारे लेख. नाटक म्हणून त्यांनी काही लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. पण 'युगान्त'मधला गांधारीवरचा लेख उघडून बघा. अरण्य, म्हातारा आंधळा राजा, डोळ्यांवर पट्टी बांधलेली राणी, त्यांचं थकलेलं, एकमेकांना टोचणारं बोलणं आणि लांबून सरकत येणारा वणवा. रंगमंचावर दिवे कुठून पडावेत हेसुद्धा कळतं.

मला गाडीत आठवली ती मात्र द्रौपदी.

आमच्या पिढीने द्रौपदी ऐकली ती कीर्तनातून आणि दूरदर्शनवरच्या रविवार सकाळींतून. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो आणि ही वरून हसून म्हणते, आंधळ्याचा पोरगा आंधळाच. त्या एका वाक्यापायी पुढचा सगळा संहार झाला, बाईची जीभ अशी असू नये, हे तात्पर्य आमच्या घरी निदान शंभरदा ऐकलं असेल, आणि ते सांगताना आजीची नजर हटकून आत्याकडे जायची. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ एवढी वर्षं खपून, बाराशेच्या वर हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. तिच्या संहितेत हे वाक्य नाही. भीम हसतो, अर्जुन हसतो, नोकरचाकर हसतात. द्रौपदी हसली असं दुर्योधन मागाहून बापाजवळ तक्रार करताना सांगतो, तेवढंच. वाक्य तिच्या तोंडात नंतर कुणीतरी घातलं. वस्त्रहरणाच्या वेळी तिने केलेला कृष्णाचा धावाही त्या आवृत्तीने मुख्य संहितेतून काढून बाजूला टाकला आहे. म्हणजे आपल्याला तिची म्हणून पाठ असलेली बोलणी पारखली की जुन्या पोथीत बऱ्याच ठिकाणी ती नुसती उभी असते. सभेत तिने विचारलेला प्रश्न मात्र पक्का आहे, आधी स्वतःला हरलात की मला? तो कुणी काढू शकलेलं नाही. आणि भीष्मांना अजून त्याचं उत्तर आलेलं नाही.

'युगान्त' आलं १९६७ साली, ती आवृत्ती पुरी झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी. बाईंनी ती संहिता हाताशी धरूनच लिहिलं, आणि कवट्या मोजणाऱ्या हाताला शोभेल अशा रीतीने लिहिलं. खांडववन जळलं तेव्हा कोण वाचलं? सहा जीव: तक्षकाचा मुलगा, मयासुर आणि पक्ष्याची चार पिल्लं. हा हिशेब महाभारतातच आहे, पण बाईंचं वाचून झाल्यावर पहिल्यांदा मला त्या वनात मेलेल्यांची मोजदाद करावीशी वाटली. धर्मराज खरा विदुराचा मुलगा असेल का, ही शंका त्या काढतात, पुरावे एकेक करून ओट्यावर मांडतात, आणि निकाल न लावता उठतात.

आणि मग द्रौपदीचा शेवट. महाप्रस्थानाच्या वाटेवर सगळ्यांत आधी ती पडते. भीम विचारतो, ही का पडली? धर्मराज मागे वळूनही न बघता सांगतो, हिचा जीव अर्जुनावर जास्त होता. ते पुढे जातात. पोथीत द्रौपदी त्यावर काही बोलत नाही. तिचं काय झालं हेही पोथी सांगत नाही. इथे इरावतीबाई थांबतात आणि वाचकाला बजावतात की इथून पुढची माझी नरोटी. नरोटी म्हणजे नारळाची सुकी करवंटी, टाकाऊ वस्तू. शब्द एकनाथांकडून उचललेला. एवढं सांगून झाल्यावर त्या पडलेल्या द्रौपदीला जागी करतात. ती एकटी पडून आयुष्य आठवत असते, आपण अर्जुनासाठी झुरलो आणि आपल्यासाठी कोण झुरलं ते तिला आता, शेवटी, उमगतं. पाऊल वाजतं. भीम परत आलेला असतो. काय करू तुझ्यासाठी, असं जन्मभर विचारत आला तेच विचारतो. आणि ती त्याला सांगते की पुढच्या जन्मी पाचांत थोरला हो, म्हणजे तुझ्या सावलीत आम्ही सगळे सुखाने राहू.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि वसतिगृहाच्या जिन्यात बसून रडले होते. नरोटी शब्दावरून माझी नजर तेव्हा घसरून गेली असणार. कारण पुढे कितीतरी वर्षं मी भीमाचं ते परत येणं महाभारतात आहे असं समजून लोकांना सांगत होते. एका मैत्रिणीने लग्नाच्या पत्रिकेवर छापण्यासाठी तो श्लोक मागितला तेव्हा शोधाशोध केली आणि तोंडावर पडले. म्हणजे बाईंनी पाटी लावली होती. पाटीचा उपयोग झाला नाही. लोकांनी करवंटीच उचलली आणि देव्हाऱ्यात ठेवली, खोबरं राहिलं भांडारकरच्या कपाटात. आणि मला अशीही एक शंका येते, फार दुष्ट नाही पण येते, की हे असंच होणार हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. स्वतःच्या सगळ्यांत सुंदर पानांना कुणी उगाच करवंटी म्हणत नाही.

शंका एकदा शिरली की कुठेही शिरते. 'परिपूर्ती' मी पुन्हा काढलं. सभेत बाईंची ओळख करून देतात: अमक्यांची मुलगी, महर्षी कर्व्यांची सून, तमक्यांची पत्नी. त्यांना काहीतरी राहिल्यासारखं वाटत राहतं, आणि मग रस्त्यात शाळकरी पोरं कुजबुजतात की ती बघ, आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई चालली. ओळख पुरी होते. पूर्वी या जागी मला हसू फुटायचं. या खेपेला काकूंचाच आवाज कानात आला: तवा कुठली आलीत पोरं? इतकं नेमकं वाक्य, इतक्या नेमक्या वळणावर? इथे बाईंनी नरोटी म्हटलेलं नाही. हा त्यांचा स्वतःचा अनुभव, त्याला पुरावा कोण मागणार? मी पुस्तक मिटलं आणि स्वतःचीच लाज वाटली. पोरं बोललीही असतील. पोरं असंच बोलतात. पण बर्लिनमध्ये गुरूला पुरावा मागणाऱ्या बाईकडे तो मागावासा वाटला, तर त्या रागावल्या असत्या असं मला वाटत नाही.

आत्या ब्लाऊज बेतायची तेव्हा मी समोर पाट घेऊन बसत असे. खडूची रेघ मापाची. कातरी मात्र रेघेवर चालवायची नाही, रेघेच्या बाहेरून. ते जे मधलं कापड राहतं त्याला ती माया म्हणायची, सगळेच शिंपी म्हणतात. "कुशीला इंचभर माया सोड, बाईमाणूस आहे, अंग सुटतं." क्लासमधल्या पोरी घाईत रेघेवर कापायच्या आणि ती कपाळाला हात लावायची. माया बाहेरून दिसत नाही. दोन वर्षांनी पोलकं दाटायला लागलं की बाई ते घेऊन येते, आत्या ब्लेडच्या अर्ध्या पात्याने शिवण उसवते, आणि आतलं कापड उघडं पडतं, बाहेरच्यापेक्षा गडद, उन्हाने न विटलेलं. जुन्या टाक्यांची भोकं ओळीने तशीच. कुठपर्यंत माप होतं आणि कुठून माया, ते त्या भोकांवरून आंधळ्यालाही हाताने कळावं. आत्या ती ओळ कधी लपवायची नाही. नवी शिवण तिच्या बाहेरून घालायची आणि म्हणायची, "राहू दे, झिजंल हळूहळू."

वहीत माझं पान सापडलं. १९८२, मी बारा वर्षांची. उंची, छाती, कंबर, मुंढा, सगळे आकडे हाडकुळे. आणि खाली पेन्सिलीने, "वाढतं अंग. माया दीड इंच."

मागच्या आठवड्यात दादाचा निरोप आला. पुस्तिका संपल्या, आणखी पन्नास काढतोय, काही दुरुस्ती असेल तर सांग. दोन दिवस मी त्या पानाशी झटत होते. काकूंचं खरं मानून आत्याला मुकी करावी, तर काकूंचंही पासष्ट साल वहीशी जुळत नाही. वाक्य काढून टाकावं, तर भाचीच्या स्टेटसवरून आणि दोन डझन बायांच्या डोक्यांतून ते कसं काढणार? तोवर तर ते इचलकरंजीच्या मावसबहिणीपर्यंत पोचलं होतं, आणि तिने मलाच फोन करून सांगितलं की आत्या हे वाक्य तिच्यासमोरही एकदा म्हणाली होती. शेवटी मी मजकूर होता तसा ठेवला. फक्त आजोबांच्या प्रश्नानंतर, आत्याच्या उत्तराच्या आधी, वेगळ्या ओळीवर चार शब्द घातले आणि पाठवून दिले: इथून पुढचं माझं आहे.

काल रात्री दादाचा फोन. प्रेसवाला प्रूफ घेऊन बसला होता, मागे मशीनचा खडखडाट.

"अगं, पहिल्या पानावर मध्येच तुझी एक ओळ राहिलीय," तो म्हणाला. "इथून पुढचं माझं आहे, असं काहीतरी. चुकून आलेली दिसते. काढून टाकू ना?"